मी कुणाची मिंधी नाही

मिरजेच्या हृदयरुग्णालयातल्या मापनकक्षात डॉक्टर मृणाल हुद्दार कपाळाला यंत्राची पट्टी लावून बसल्या होत्या आणि त्यांचा नुसता जळफळाट चालला होता. ज्या बाईने औषध कंपनीचं साधं कॅलेंडरसुद्धा परत धाडलं, तिची कसली परीक्षा घेताय? "मी कुणाची मिंधी नाही," हे त्यांनी आल्या आल्या दोनदा ऐकवलं होतं.

"परीक्षा नाही हो," मेंदूतज्ज्ञ डॉक्टर ताटके म्हणाले. "एखाद्यासाठी आपण काहीतरी करावं, अशी ओढ मेंदूत जागी होते. उपकारांनी तर हमखास होते, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. हा ओढमापक ती मोजतो. कंपनीचं नाव पाहून आकडा चाळिसाच्या वर गेला, तर तिचं औषध तुम्ही लिहायचं नाही. सरकारी नियम आहे."

पडद्यावर नावं सरकत गेली. तीन. शून्य. पाच. मग 'आरोही औषधी' आली आणि आकडा एकाहत्तरावर जाऊन बसला.

"यंत्र बिघडलंय!" मृणाल कडाडल्या. पण लगेच त्यांची नजर घड्याळाकडे गेली. सकाळीच त्यांनी सहा नंबरच्या खाटेवरच्या वत्सलाबाईंना आरोहीचं औषध लिहिलं होतं आणि पहिली गोळी तासाभरात द्यायची होती.

ताटक्यांनी कंपन्यांची नावं झाकून आरोहीच्या आणि दुसऱ्या एका औषधाच्या चाचण्यांचे निकाल आणि वत्सलाबाईंचे रिपोर्ट ताडून पाहिले. "किडन्या अशा असताना हे नको. दुसरंच द्यायला हवं," ते हळूच म्हणाले. मृणालनीही तेच निकाल वाचले होते की! वॉर्डात फोन करून त्यांनी औषध बदलायला सांगितलं.

"पण मी घेतलं काय त्यांचं?"

"आठवा बरं. वस्तूच असली पाहिजे असं काही नाही."

आठवायला काय लागतंय! दिगंबर खोत, आरोहीचा प्रतिनिधी. मृणालचे वडील तीन आठवडे अतिदक्षता विभागात होते, तेव्हा रोज दुपारी भाकरीचा डबा घेऊन येणारा. तेव्हापासून दर भाऊबीजेला त्या त्याला ओवाळत होत्या.

"अहो, तो भाऊ आहे माझा!"

"असेल. पण मेंदूला तो आणि त्याची कंपनी वेगळी काढता येत नाही."

खोत बाहेरच बाकावर बसला होता. मृणालनी त्याला आत बोलावलं. "खरं सांग, डबा आणायला कंपनीने सांगितलं होतं?"

"आईची शपथ ताई, नाही!" मग त्याची नजर यंत्रावर गेली. "हे इथं कसं? नोकरीला लागताना आम्हालाही लावलं होतं. डॉक्टरांचे फोटो दाखवले. तुमचा फोटो बघून मला वाढवणारी माझी थोरली बहीण आठवली, वारली ती. साहेब म्हणाले, तू मिरजच घे."

आता मृणालना सगळं उलगडलं. कंपनीने कुणाला खोटं वागायला शिकवलंच नव्हतं. कुणाची खरी माया कुणावर बसेल, तेवढं मोजून माणसं नेमली होती.

"मलाही आजच कळतंय, ताई." खोताचा चेहरा उतरला. "आत्ता राजीनामा देतो. तुमच्यापायी गेली नोकरी तर गेली."

मृणालना भरून आलं. घरी दोन लेकरं, आणि हा वेडा माझ्यासाठी निघाला नोकरी सोडायला! पट्टी अजून त्यांच्या कपाळावरच होती आणि पडद्यावर आरोहीचंच नाव होतं. ताटक्यांनी घाईघाईने यंत्र बंद करायला हात पुढे केला, पण तोवर आकडा तिघांनाही दिसला होता.

शहाण्णव.