रिकाम्या शेडचा आवाज

लाइट आता तासभर तरी येत नाही. आपल्या नानाखेडा वस्तीची ही जुनी खोड. बसा इथेच गच्चीवर. आणि माणिक, मघाशी तू काय म्हणालास? पिक्चरमधलं भूत म्हणजे सगळी म्यूझिकची कमाल, म्यूझिक काढून टाकलं की कोणी घाबरत नाही? मग ऐक. ही सुलभाताई देवधरांची गोष्ट. म्हातारपणी त्या फ्रीगंजात आमच्या समोर राहायच्या. त्यांनी मला सांगितली, तशीच सांगतो. माझ्या पदरचं काही नाही.

सन छप्पन, एकतीस ऑक्टोबर, बुधवार. दिवाळी तोंडावर. आपल्या मध्य भारत राज्याची ती शेवटची रात्र. उजाडलं की सगळा मुलूख नव्या मध्य प्रदेशात जाणार. संध्याकाळी इंदूरच्या बसमधून सुलभाताई इथल्या देवास गेटच्या बसस्टँडवर उतरल्या. हातात टेप भरायची-वाजवायची पेटी, काखेत पिशवी. पिशवीत सूप, हरभरे, घुंगरं, जुनं पितळी ताट. हमाल हसला, म्हणाला, "बहनजी, शादी में जा रही हो क्या?"

त्या आवाज करायच्या. म्हणजे नाटकाला, पिक्चरला लागतात ते. सुपात हरभरे घोळवले की पाऊस. ताटावर शिवणयंत्र ठेवून चालवलं की गिरणी. वय तिशीच्या आत, लग्न केलेलं नाही, कोणाच्या बापाला भीत नाही.

इथल्या एका कापडगिरणीनं आपली फिल्म काढली होती. नव्या राज्याच्या पहिल्या दिवशी फ्रीगंजातल्या टॉकीजमध्ये पाहुण्यांना आणि कामगारांना दाखवायची. चित्र होतं, आवाज नव्हता. तो सुलभाताईंनी टेपवर भरायचा, अन् दुसऱ्या दिवशी चित्राबरोबर वाजवायचा. गिरणीचे मॅनेजर श्रीकांत पागे. चांगले शिकलेले, गोड बोलणारे.

"सगळं आनंदी पाहिजे हं सुलभाबाई," ते म्हणाले. "अन् शेवटी नवीन शेड येते ना, तिथे सनई लावा. मोठ्ठी. मंगल वाटलं पाहिजे."

रात्रीचा खेळ सुटला, टॉकीज रिकामं झालं. वर मशीनच्या खोलीत यज्ञेश्वर ऑपरेटर, खाली पडद्यासमोर सुलभाताई. चित्र चालू होई, त्या माइकपुढे बसून आवाज करत. गिरणीचा भोंगा झाला, सूत कातणाऱ्या चाती झाल्या, फाटकातली गर्दी झाली. मग ती शेड आली. लांबलचक, नवं छप्पर, कोणीच नाही. इथे त्यांनी हात मांडीवर ठेवले. सनई नंतर भरायची होती.

टेप मागे घेऊन लावली. भोंगा, चाती, गर्दी... शेड.

आणि पावलं.

अनवाणी. फरशीवर, सावकाश. लांबून जवळ येणारी.

"यज्ञेश्वरभाऊ, तुम्ही खाली आला होतात?"

"नाही बुवा. मशीन सोडून कसा येईन?"

त्यांनी पुसून पुन्हा भरलं. पुन्हा तेच. या वेळी पावलं थांबली आणि कोणीतरी खोकलं. बाईचा खोकला. कोरडा, दोनदा. मग घसा साफ केल्यासारखं... आणि काही नाही.

तिसऱ्यांदा त्यांनी माइकची वायरच काढून ठेवली.

पावलं आली. खोकला आला.

यज्ञेश्वर जिन्यावरून उतरले ते भिंतीला धरून. खाली बसले. मग हळूच म्हणाले, "धापूबाई आहे ती. आमच्या गल्लीतली. तिचाच खोकला."

धापूबाई त्याच गिरणीत सूतखात्यात चातींना तेल द्यायच्या कामाला होती. श्रावणात जुन्या शेडचं छप्पर कोसळलं. गिरणीनं सांगितलं, शेड बंद होती, आत कोणी नव्हतंच. धापूबाई त्या दिवसापासून दिसली नाही. तर म्हणे कोणाबरोबर पळून गेली. पन्नाशीची बाई! मुलगी नर्मदा तिथेच कामाला; तिला येता-जाता टोमणे. ढिगारा न उपसताच दाबला आणि त्यावर नवी फरशी घातली. तीच ही पडद्यावरची नवी शेड.

तेवढ्यात दार वाजलं. पागे काम बघायला आले होते. सुलभाताईंनी टेप लावली.

पागे ऐकत होते. खोकला आला आणि त्यांचं तोंड पांढरं फटक पडलं. पुढे झाले, ताईंच्याच पिशवीतली कात्री उचलली आणि तेवढी टेप कापून खिशात कोंबली.

"उद्या इथे सनई वाजेल. समजलं?"

"नाही वाजणार."

"काय?"

"सनई लागली की माणूस बघायचं सोडतो, पागेसाहेब. तुम्हाला तेच हवंय. ते माझ्या हातून होणार नाही."

"परत कुठे काम मिळणार नाही तुम्हाला. मी बघतो."

"बघा."

ते गेले. यज्ञेश्वर वर मशीन बंद करायला गेले. टॉकीजमध्ये एकच दिवा. सुलभाताई टेप गुंडाळत होत्या.

पावलं.

आता टेपमधून नाही. पेटी बंद होती.

पडद्याकडून. पहिल्या ओळीशी. दुसऱ्या...

त्यांच्या हातातून टेपचं चाक सुटलं. घरंगळत अंधारात गेलं. कशाला तरी लागून... थांबलं.

पळावंसं वाटलं. मग, त्या सांगायच्या, भीतीच्या खालून राग वर आला. त्या मोठ्यानं म्हणाल्या, "मला कशाला घाबरवता? मी काय केलंय? ज्यांनी केलंय त्यांना घाबरवा! उद्या सगळे येणार आहेत. मी तुमच्यासाठी जागा मोकळी ठेवते. हिंमत असेल तर या!"

काही नाही.

मग अगदी कानाशी... श्वास सोडल्यासारखं.

आणि शांत.

दुसऱ्या दिवशी टॉकीज खच्चून भरलं. पुढे पाहुणे, हार, अत्तर. मागे कामगार, बायका एका बाजूला. पागे पहिल्या ओळीत. सुलभाताई कडेला टेबलाशी. फिल्म सुरू झाली. भोंगा वाजला तशा मागे शिट्ट्या. आपलीच गिरणी पडद्यावर ऐकून लोक खूश.

शेड आली.

सुलभाताईंनी टेप थांबवली. एवढ्यावरच नाही, लाउडस्पीकरकडे जाणारी वायर उपसून हातात घेतली.

रिकामी शेड आणि शांतता.

आधी कोणी हसलं. कोणी म्हणालं, "आवाज!" मग तेही थांबलं. एवढ्या माणसांत बांगडी वाजेना. सगळे त्या फरशीकडे बघत होते. पागे वळून हातानं खुणा करत होते, लावा, सनई लावा...

पावलं आली.

सावकाश. अनवाणी. पडद्याच्या आतून.

थांबली.

खोकला. कोरडा, दोनदा.

बायकांमधून एक किंकाळी उठली. नर्मदा उभी होती. "या म्हारी माँ है! कहीं नी गई! वहीं है, वहीं है फरश के नीचे!"

एक बाई उठली. दुसरी उठली. मग सगळं टॉकीज उभं राहिलं. कोणी ओरडलं नाही. नुसते उभे. पागेच ओरडत होते, "आवाज बंद करा! बंद करा तो आवाज!"

सुलभाताईंनी वायर उंच धरली. सगळ्यांना दिसेल अशी.

"बंदच आहे, पागेसाहेब."

तिथून लोक तडक गिरणीत गेले. फाटक लावायची कोणाची छाती झाली नाही. पहारी आणल्या, पोलिसांदेखत फरशी फोडली. धापूबाई सापडली. दुसऱ्या दिवशी, ऐन लक्ष्मीपूजनाला, नर्मदेनं स्वतः क्षिप्रेवर तिला अग्नी दिला, आणि टोमणे मारणारेच खांद्याला होते. पागेंवर केस झाली. पण त्यांनीही आपला शब्द खरा केला. ताईंना दोन वर्षं कोणी काम दिलं नाही. शिकवण्या करून राहिल्या. पस्तावलात का, मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "छट्! पुन्हा वायर काढीन."

राहिलं एवढंच. त्या खेळाच्या संध्याकाळी यज्ञेश्वर पडदा झाडायला गेले. मागची भिंत पडद्यापासून वीतभर. मूलसुद्धा आत शिरणार नाही. त्यांनी खालून दिवा सरकवून पाहिलं.

पडद्याच्या मागच्या बाजूला काळ्या तेलाचा एक पंजा उमटला होता. बाईचा. ओला.