नारिंगी शर्टावरचं जॅकेट

“तुझ्या मागे उभी राहू, की… शेजारी उभी राहिले तर चालेल?”

एवढाच प्रश्न विचारायचा होता. पण तो थीम पार्कच्या आत, दोर सुटायच्या आधी, गर्दीतल्या सगळ्यात देखण्या मुलाला विचारायचा होता! पैज लावली होती माझ्या मैत्रिणींनी, लॅना आणि प्रिसनं. त्या दोघी तिकडे ओहायोत, आमच्या टोलीडोत, आपापल्या गादीवर लोळत होत्या आणि मी इथे फ्लोरिडात, पहाटेच्या चिकट हवेत, डोळे चोळत उभी.

“विचारलं नाहीस तर शाळा सुरू झाल्यावर आमच्या टेबलावर बसायचं नाही,” प्रिसचा मेसेज आला होता.

गेल्या वर्षीची मी असते तर सरळ दुसरं टेबल शोधलं असतं. पण या वर्षी माझ्या दातांच्या तारा निघाल्यात, मी शाळेच्या धावण्याच्या संघात आलेय आणि आरशातल्या मुलीशी माझं बऱ्यापैकी जमायला लागलंय. तिला मी टिली म्हणत नाही. टिली लहान मुलीचं नाव. ती माटिल्डा.

आता डॅडबद्दल सांगायलाच हवं.

माझा डॅड शाळेची बस चालवतो, त्यामुळे लवकर उठणं हा त्याचा धर्म आहे. या दोन दिवसांच्या सहलीचा बेत तो हिवाळ्यापासून आखत होता. गाडी कुठे लावली की फाटक जवळ पडतं, कुठल्या तपासणीची रांग भरभर सरकते, माझ्या छोट्या भावाला, गसला, बाथरूमला कधी न्यायचं, सगळं त्याला पाठ. आदल्या संध्याकाळी मॉमनं पीनट बटरची सँडविचेस करून ठेवली आणि डॅडनं आम्हाला चक्क दुसऱ्या दिवशीचे शर्ट घालूनच झोपवलं. ते शर्ट नारिंगी होते. रस्ता दुरुस्त करणारी माणसं घालतात ना, तस्सा रंग. पाठीवर भलीमोठी अक्षरं, ‘टीम ड्रेस्लर’. त्याखाली प्रत्येकाचं नाव. माझ्या पाठीवर अर्थातच ‘टिली’.

मी त्यावर जॅकेट घातलं आणि चेन गळ्यापर्यंत ओढली.

पार्क उघडलं तरी आत सगळीकडे लगेच जाता येत नाही. मोठ्या राइड्सच्या वाटेवर दोर बांधलेला असतो. तो सुटला की हजार माणसं एकदम निघतात. पळायला बंदी, म्हणून सगळे असे चालतात, जणू घरात दूध उतू चाललंय! माझं काम होतं दोराशी अगदी पुढे उभं राहून ‘रेडटेल’ची जागा धरायचं. रेडटेल म्हणजे तिथला सगळ्यात मोठा, लालभडक रोलरकोस्टर. त्यात बसायला जेवढी उंची लागते, त्या पट्टीला गस या उन्हाळ्यात एकदाचा टेकला होता. त्याला पहिल्या डब्यात बसायचं होतं. चालायला लागल्यापासून त्याला दुसरं काही नकोच होतं. डॅड त्याला घेऊन मागून येणार आणि माझ्याजवळ पोचणार. मॉमला उंचावर चक्कर येते, ती बाकावर सामान सांभाळणार.

“आमचा शर्यतीचा घोडा तूच गं, टिल-बिल,” म्हणून डॅडनं मला पुढे पिटाळलं. ‘टिल-बिल’ हे त्यानं चारचौघांत, मोठ्यांदा म्हटलं. मी शक्य तितक्या लवकर गर्दीत शिरले.

आणि तिथे तो होता.

तांबूस कुरळे केस, उन्हानं सोललेलं नाक. शेजारी साधारण दहा वर्षांची बहीण, डोनट खात उभी. मी एक मोठा श्वास घेतला आणि विचारून टाकलं. मागे, की शेजारी?

त्यानं आधी स्वतःच्या मागे वळून बघितलं. “मला विचारतेस?”

“नाही, त्या कचऱ्याच्या डब्याला.”

“डबा हो म्हणेल गं. पण त्याच्याकडे बोलायला काही नसतं.” तो अर्धं पाऊल सरकला. “शेजारी ये.”

“तू हिला ओळखतोस?” बहिणीनं डोनट खायचं थांबवून विचारलं.

“अजून नाही,” तो म्हणाला.

अजून! तो एक शब्द असा कानात गेला की बाकीचा गोंगाट मला ऐकूच येईना.

त्याचं नाव एमेट. बहीण जून. विस्कॉन्सिनहून आले होते. मी माझं नाव माटिल्डा सांगितलं आणि त्यानं ते एकदा सावकाश म्हणून बघितलं, जिभेवर ठेवून चव घ्यावी तसं.

“एक विचारू, माटिल्डा? या उकाड्यात जॅकेट?”

“मला… थंडी वाजते.”

“फ्लोरिडात?”

“ओहायोची थंडी आहे. अंगातून लवकर निघत नाही.”

तो हसला. घाम माझ्या पाठीवरून, त्या नारिंगी शर्टाखालून, ओघळत होता. मीही हसले.

दोर सुटला.

“पळायचं नाही हं,” तो माझ्या शेजारून म्हणाला.

“मी कुठे पळतेय? तूच मागे पडतोयस!”

वाटेत दोनदा आमचे हात एकमेकांना लागले. पहिल्यांदा चुकून. दुसऱ्यांदाचं… मला खात्री नाही. रेडटेलच्या रांगेत आम्ही इतके पुढे होतो की गाडीची चाकं दिसत होती. धापा टाकत कठड्याला टेकलो. आमच्यामागे रांग भराभर लांबत गेली.

“यासाठी लवकर उठायचं,” एमेट म्हणाला. “मला राग कसला येतो माहितीये? मागून घुसणाऱ्यांचा. ‘आमचं माणूस पुढे आहे’ म्हणत अख्खी वरात आणतात. गेल्या वर्षी एका पार्कात अशीच टोळी आमच्यापुढे घुसली आणि जूनचा नंबर यायच्या आत राइड बंद पडली. किती रडली होती ही.”

“मी नव्हते रडले,” जून म्हणाली. “डोळ्यांत सनस्क्रीन गेलं होतं.”

“तू कुणाबरोबर आलीस, माटिल्डा?”

त्या क्षणी सांगता आलं असतं. हसत हसत सांगता आलं असतं, की माझी वरात येतेच आहे.

“एकटीच,” मी म्हणाले.

“एकटी? भारी आहेस!”

आणि मला ते भारी असणं आवडलं. फार आवडलं.

थोड्या वेळानं मागून आवाज आला. “माफ करा हं… जरा जाऊ द्या… माझी मुलगी पुढे आहे…” मी न बघताच ओळखला. डॅडचा आवाज बसमधल्या मागच्या सीटपर्यंत पोचतो. गसचा हात धरून तो लोकांच्या खांद्यांमधून वाट काढत होता. दोघेही नारिंगी.

मोठी हॅट घातलेल्या एका बाईंनी त्याला अडवलं. “मुलगी पुढे आहे म्हणे! कुठाय मुलगी?”

“ती काय, तिथे! टिल-बिल!” डॅडनं हात वर केला. सगळा चेहरा हसत होता त्याचा.

रांगेतली डोकी आमच्या दिशेनं वळली. एमेटही इकडेतिकडे बघायला लागला. “बघ, आलीच वरात,” तो मला म्हणाला आणि तोंडाशी हात धरून ओरडला, “मागे जा!” आणखी कुणीकुणी ओरडलं.

मी खाली वाकले. बुटाची नाडी बांधायला लागले. नाडी आधीच बांधलेली होती. डॅडनंच सकाळी दुहेरी गाठ मारून दिली होती.

“कुणीही नाहीये तुमचं पुढे,” त्या बाई म्हणाल्या.

मग डॅडचा आवाज, एकदम लहान झालेला. “माझीच चूक झाली बहुतेक. चल गस.”

“पण डॅड, ती तर—”

“चल राजा.”

मी उठून उभी राहिले तेव्हा नारिंगी पाठी लांब गेल्या होत्या. खिशात फोन थरथरला. डॅडचाच मेसेज होता. ‘काळजी करू नकोस. मज्जा कर. आम्ही शेवटून येतो.’

म्हणजे त्याला कळलं होतं. सगळं.

एमेट, जून आणि मी पहिल्या डब्यात बसलो. गसच्या डब्यात. वर चढताना एमेटनं विचारलं, “हात धरू?” मी हो म्हणाले आणि त्यानं धरलाही. महिनोन् महिने मी असल्याच एखाद्या क्षणाची स्वप्नं बघत होते. आणि आता तो हात हातात असताना मला फक्त ती नाडी दिसत होती. सगळे किंचाळत होते. मी तोंड मिटून होते.

“घाबरलीस?” उतरल्यावर त्यानं विचारलं.

“थोडीशी,” मी म्हणाले. तेवढंच खरं होतं.

मी तेव्हा जायला हवं होतं. गेले नाही. एमेट म्हणाला “चल ना आमच्याबरोबर”, आणि मी गेले. लिंबाचा बर्फ खाल्ला. तो मला नदीच्या राइडवर मुद्दाम भिजणाऱ्या बाजूला बसवून हसला, मी त्याच्यावर ओंजळभर पाणी उडवलं. मध्येच तो माझ्याकडे बघत राहायचा आणि मी काही विचारलं की “काही नाही” म्हणायचा. मला ते गोड वाटायचं… आणि लगेच ती नाडी आठवायची.

दुपारी आभाळ काळं झालं. तिथे वीज चमकली की उंच राइड्स बंद होतात. रेडटेलची घंटा वाजली आणि सगळी रांग बाहेर काढली गेली. पाऊस असा कोसळला की आम्ही पॉपकॉर्नच्या टपरीच्या छपराखाली धावलो. एमेटनं त्याचा पिवळा पोंचो, म्हणजे बिनबाह्यांचा रेनकोट, माझ्या आणि जूनच्या डोक्यावर धरला. त्याचा खांदा माझ्या खांद्याला टेकलेला, केसांतून पाणी टपकतंय…

आणि पावसातून डॅड आला.

त्याचा पोंचो गसच्या अंगावर होता, जमिनीवर लोळत. स्वतः तो चिंब. गसचे डोळे लाल झाले होते. इतका वेळ उभं राहून ते दोघं अगदी दाराशी पोचले असणार, आणि तेव्हाच घंटा झाली असणार.

गसनं मला बघितलं. त्याचं तोंड उघडलं, आणि डॅडनं हलकेच त्याच्या तोंडावर हात ठेवला. मग माझ्याकडे बघितलं. माझ्या शेजारच्या एमेटकडे बघितलं. आणि अगदी परक्या माणसासारखं, अदबीनं म्हणाला,

“जरा सरकता का, मिस? या छोट्याला तेवढं आत उभं करतो.”

मिस.

मला तो रागावला असता तर चाललं असतं. ओरडला असता, पोराटोरांसमोर कान धरला असता तरी चाललं असतं. पण तो माझं खोटं माझ्यासाठी सांभाळत होता. त्याला वाटत होतं, या मुलासमोर माझी लाज जाऊ नये. आणि मला तर त्याचीच लाज वाटली होती!

मी चेन खाली ओढली. भिजलेल्या कापडात ती अर्ध्यात अडकली, मी हिसडली. जॅकेट काढून हातात घेतलं आणि एमेटकडे पाठ केली.

मग जूननं वाचलं, “टीम ड्रेस्लर… टिली.”

“हा माझा डॅड,” मी म्हणाले. “हा गस. सकाळी जी हाक आली ती मला होती. मी ऐकली होती. मी जागा धरायलाच आले होते, आणि… मी नाडी बांधत बसले.”

मी वळून बघायचं धाडस केलं, तर एमेटचा चेहरा कानांपर्यंत लाल झालेला.

“मी ओरडलो होतो,” तो पुटपुटला. “‘मागे जा’ ते… तुझ्या डॅडवर.” मग तो पावसातून थेट डॅडपाशी गेला. “सर, सकाळी ओरडणारा मी होतो. सॉरी.”

“बरोबरच ओरडलास की,” डॅड म्हणाला. “रांग मोडतच होतो मी. माझ्या बसमध्ये मी कुणाला मोडू देत नसतो.” आणि त्यानं ओला हात पुढे केला. “पण आवाज चांगलाय तुझा.”

गसनं माझ्या पोटात डोकं खुपसलं. “तू आंधळी झाली होतीस का?”

“हो रे,” मी म्हणाले. “ठार.” आणि मग मला रडू आलं, पाऊस असल्यामुळे कुणाला कळणार नाही असं वाटलं, पण सगळ्यांना कळलं. डॅडनं मला जवळ ओढलं. मला माफी मागायची होती, पण त्याच्या ओल्या शर्टात तोंड दाबून नीट काही बोलता येईना. तरी मी बोललेच, आणि तो “कळलं गं, कळलं” म्हणत थोपटत राहिला.

पाऊस ओसरला तेव्हा एमेट माझ्याजवळ आला. नजर जमिनीवर.

“माझ्यावर चिडलायस?” मी विचारलं.

“सकाळी तू भारी वाटली होतीस,” तो म्हणाला. “एकटी आलेली वगैरे.”

“आणि आता?”

“आता… आता तू मला आवडतेस. ते वेगळं असतं.” तो घाईघाईनं पुढे म्हणाला, “उद्या येणार आहात ना? मी जागा धरून ठेवू का तुमच्यासाठी—” आणि स्वतःच जीभ चावली.

मी इतक्या जोरात हसले की पॉपकॉर्नवाला बघायला लागला. “जागा नको धरूस. तू ये फक्त. मलाही तू आवडतोस, एमेट. पैज नसती तरी आवडला असतास.”

“कसली पैज?”

“ते उद्या सांगते.”

परतताना गाड्यांची लांबलचक रांग लागली होती. काचा वाफेनं पांढऱ्या झालेल्या. गस माझ्या मांडीवर पाय टाकून झोपला होता. डॅड मॉमला सांगत होता की उद्या आणखी लवकर निघायचं, टिलीला डाव्या बाजूच्या दोराशी उभं करायचं.

“मी पुढे जाणार नाहीये,” मी म्हणाले.

मॉम मागे वळली. डॅडनं आरशातून बघितलं.

“मी ठरवलंय. उद्या आपण सगळे एकत्र निघायचं, गसच्या चालीनं, आणि जिथे पोचू तिथे उभं राहायचं. शेवटी तर शेवटी. एमेट आणि जून आपल्याबरोबर असतील. पहिल्या डब्यात गसशेजारी डॅड आणि जून बसतील. एमेट आणि मी त्यांच्या मागे.” मी घसा साफ केला. “आणि डॅड, वळून मागे बघायचं नाही!”