एका रोपाचं बिल

कार्ड ती कडेनंच धरायची. अंगठा आणि मधलं बोट, बस्स. मधल्या भागाला स्पर्शही नाही. चष्म्याच्या काचा घासणाऱ्या माणसाच्या हातांना ही सवय लागतेच, पण रोपवाटिकेच्या मालकाला ते तेव्हा ठाऊक नव्हतं. पत्ता विचारायला आत शिरलेली ही मुलगी जाता जाता पुदिन्याचं एक रोप घेते काय, आणि तेवढ्यासाठी कार्ड पुढे करते काय! त्याला गंमत वाटली.

"सुटे नाहीत का?"

"आहेत की."

"मग?"

"मशीन चालत नाही का तुमचं?"

मशीन चालत होतं. पुढच्या महिन्यात ती पुन्हा आली, मग दर महिन्याला येऊ लागली. एक रोप घ्यायची, कार्ड द्यायची, थोडं बोलायची. ते थोडं हळूहळू बरंच झालं.

"घरात माणसं राहतात की नुसतं जंगल?" त्यानं एकदा विचारलं.

"माणसं आहेत. म्हणून तर जंगल लागतं."

एका ओलसर संध्याकाळी त्यानं तिच्यासाठी नेच्याचं रोप बाजूला काढून ठेवलं. नवी पानं अजून गुंडाळलेलीच होती. "हे... माझ्याकडून," तो म्हणाला. ती लाजेल असं त्याला वाटलं होतं. ती चिडली.

"पैसे घ्या."

"अहो, भेट आहे!"

"भेटीचं बिल येत नाही."

"म्हणूनच तिला भेट म्हणतात."

तिनं कुंडी फळीवर ठेवली. "मला स्वतःचं काच घासायचं मशीन घ्यायचंय. बँक म्हणते, तुम्ही कधी उधार घेतलंच नाही, तर फेडाल की नाही हे आम्हाला कसं कळणार? भावाला सोबत आणा. दादा तयार आहे. पण मग मशीन त्याच्या नावावर, कारखाना त्याच्या नावावर, मी आपली कामाला! म्हणून माझ्या पगारावर हे क्रेडिट कार्ड घेतलं. झेपेल तेवढंच घ्यायचं, बिल आलं की मुदतीआधी सगळं भरायचं. किमान रक्कम भरून बाकी पुढे ढकलायची नाही. अशानं माझ्या नावाची पत तयार होते. या महिन्याची खरेदी हीच आहे, आणि तुम्ही ती फुकट देताय!"

"मी जामीन राहतो की."

"तुमच्या नावावर मला काही नको." मग एकदम हळू आवाजात — "म्हणजे... कर्जापुरतं म्हणतेय."

त्यानं निमूटपणे कार्ड मशीनला लावलं. कान मात्र लाल झाले होते. "आणि बाकीचं?"

"बाकीचं कर्ज मंजूर झाल्यावर सांगेन. आत्ता हो म्हटलं, तर जन्मभर ऐकावं लागेल की नवऱ्याच्या जिवावर उभी राहिली."

"पण मी अजून विचारलंसुद्धा नाही!"

"विचारणार नव्हतात?"

"...होतो."

त्यानंतर तो फक्त वाट बघत राहिला. रोपं वाढत होती, विकली जात होती. ती यायची, बिलं भरायची आणि त्या विषयावर चकार शब्द काढायची नाही.

मग एका दुपारी ती तरातरा आत आली. मागोमाग दादा, घरापासून भांडत आलेला.

"कर्ज मंजूर झालं," ती मालकाला म्हणाली. "एकटीच्या सहीवर."

"बारके, आपल्या घरात आजवर कुणी असलं कार्ड वापरलं नाही!"

"म्हणून तर बँकेत आपल्याला कुणी ओळखत नाही, दादा."

"आणि हप्ते थकले तर? शेवटी माझ्याच गळ्यात येणार!"

"एक बिल थकवलं नाही मी. हप्ताही थकवणार नाही. आणि मागायला कुणी आलंच, तर माझ्या दारात येईल. तुझ्या नाही."

दादा जरा नरमला. "बरं, लग्न झालं की नवऱ्याच्या नावावर करून टाक सगळं. तो बघेल."

"ती नाही करणार," मालकाच्या तोंडून निघून गेलं.

दादा गर्रकन वळला. "तुम्ही कोण हो?"

त्याची झारी हातातच राहिली, पाणी बुटांवर सांडत होतं. त्यानं तिच्याकडे पाहिलं.

तिनं एक श्वास घेतला आणि ती त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"दादा, मी यांच्याशी लग्न करणार आहे. आणि मशीन माझ्याच नावावर राहणार आहे."