तुरीच्या पुस्तकाची लेखिका

सीमेवरच्या त्या विद्यापीठाच्या इतिहासात ज्ञानाचा एवढा मोठा सोहळा कधी झाला नव्हता. तो ठेवावा असं याआधी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, हा भाग वेगळा. माजी विद्यार्थ्यांनी लिहिलेली नवी पुस्तकं लांब टेबलावर मांडली होती, आणि टेबलावर पुस्तकांपेक्षा महाग दिसणारी मखमल होती.

मंठाळची प्रेरणा टेबलाजवळ आली, तर एक तरुण तिचंच पुस्तक वाचत उभा. ‘आईची सही’. मुखपृष्ठावर तिच्या आईचं, चांगुणाबाईचं चित्र.

“हात लावू नये, असं लिहिलंय तिथं.”

“कन्नडात लिहिलंय की. मराठी पुस्तकाला ते लागू न्हाई.” त्यानं मान वर केली. एकदा पुस्तकामागच्या फोटोकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. “अय्यो... तुमीच व्हय?”

“व्हय. आन् तुमी?”

तो कोहिनूर गावचा धम्मानंद. शेजारचं, मुखपृष्ठावर किडकी शेंग असलेलं, तुरीच्या रोगांवरचं कन्नड पुस्तक त्याचं.

“घरात मराठी बोलताव, मग कन्नडात कामून लिहिलाव?”

“आमच्या तुरीला कन्नडच कळतंय.”

“आन् तुमाला?”

“मला निम्म्या पुस्तकापर्यंत मराठी कळली. पुढचं... वाचू देताव का?”

ती हसली नाही. हसू दाबायला तिला खिडकीबाहेर, कडुनिंबावर पडणाऱ्या भुरभुर पावसाकडं बघावं लागलं.

पहिल्या रांगेत चांगुणाबाई पांढरं पातळ नेसून बसली होती. साक्षरतेच्या वर्गात चाळिशीत सही शिकलेली बाई. ‘माझं तोंड मोठ्या साहेबाच्या हातात वर जाणार हाय,’ असं अख्ख्या गावाला सांगून ती आली होती.

प्रकाशनाची रीत ठरलेली. पुस्तक सोनेरी कागदात बांधलेलं. पाहुण्यांनी फीत सोडायची, पुस्तक उंच धरायचं, फोटो. पुड्यांची चळत आधी कन्नड, मग मराठी अशी लावलेली होती. पण पाहुण्यांना रेल्वे गाठायची होती, म्हणून ऐनवेळी ‘आधी महिला’ असं ठरलं. पुकारायची नावं बदलली. पुडे तसेच राहिले.

प्रेरणाचं नाव पुकारलं. पाहुण्यांनी फीत सोडली आणि कीड लागलेली तुरीची शेंग अभिमानानं उंच धरली. कॅमेरे लखलखले.

“हे माझं तोंड न्हाई!” पहिल्या रांगेतून आवाज आला.

सभागृह हसलं. तोवर पाहुणे तुरीचं पुस्तक काखोटीला मारून रेल्वेकडं निघाले होते. प्रेरणा खुर्चीवर येऊन बसली. आईकडं बघायचं धाडस होईना.

पुढचं नाव धम्मानंदचं. कुलसचिवांनी पुडा सोडला, तर आत चांगुणाबाई. ते पुस्तक झाकू लागले, तसं धम्मानंदनं ते हलकेच त्यांच्या हातून काढून घेतलं आणि माइकपाशी गेला.

“हे पुस्तक माझं न्हाई. माझं असतं तर...” तो थांबला. “वाचून दाखवतो.”

त्यानं वाचलं: ‘ज्या दिवशी आईनं अंगठा न उठवता सही केली, त्या दिवशी रेशनवाला तिला पहिल्यांदा अहो म्हणाला.’

मग त्यानं तेच कन्नडात सांगितलं. टाळ्या मागच्या रांगेपासून पुढं आल्या. त्यानं पुस्तक डोक्यावर उंच धरलं, खाली उतरला आणि चांगुणाबाईच्या मांडीवर ठेवलं. ती शेजारणीकडं वळून म्हणाली, “मीच हाय ती.”

व्हरांड्यात प्रेरणानं त्याला गाठलं. “तुमचं प्रकाशन राहिलं की.”

“तूर थांबती. तिला सवय हाय.”

“मी कशी फेडू हे?”

“मला... एक सही पायजे.”

“द्या पुस्तक.”

“तुमची न्हाई. आईची.” त्याचे कान लाल झाले. “लग्नाच्या नोंदणीला साक्षीदाराची लागती म्हणं.”

प्रेरणाच्या हातातली सत्काराची शाल खाली पडली. दोघंही ती उचलायला वाकले आणि दोघांनीही ती उचलली नाही.

“सही करीन की,” मागून चांगुणाबाई म्हणाली. “पर आदी पोरीचं काय म्हणणं हाय?”

“निम्मं पुस्तक राहिलंय त्यांचं,” प्रेरणा शालीकडं बघत म्हणाली. “घरी येऊन वाचा म्हणावं.”

चांगुणाबाईनं पुढं नोंदणीच्या कागदावर सही केली. ठसठशीत, रेघेच्या बाहेर जाणारी.

पेपरात फोटो मात्र पाहुण्यांचाच आला: तुरीचं पुस्तक, शेजारी प्रेरणा, खाली लेखिका म्हणून तिचं नाव आणि प्रतींसाठी तिचाच नंबर. मन्नाएखेळ्ळीकडचे शेतकरी तिला अजून फोन करतात.

“अक्का, तूर वाळायलीय. काय मारू?”

मर रोग लागल्यावर औषध नसतं. पुढच्या वर्षी बी बदलावं लागतं, असं ती आता धम्मानंदला न विचारताच सांगते.