नाक वर करणारा ट्रॅक्टर

ट्रॅक्टरने नाक वर केलं आणि कस्तुरी दोन पावलं मागे सरली. मागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या, समोर शेतातून रस्त्यावर येणारा एवढासा चढ, आणि ट्रॅक्टरची पुढची दोन्ही चाकं हवेत! बरं, गडी अशक्त म्हणावा तर तसंही नाही. जुनं डिझेल इंजिन काढून कस्तुरीने आणि आजोबांनी त्यात विजेची मोटर बसवली होती, आणि ती इंजिनाच्या चांगली दीडपट जोरदार होती. मग याला झालं तरी काय?

ही गोष्ट पुढच्या काळातली, कृष्णाकाठच्या खोलवाडीतली. तेव्हा ट्रॅक्टर आपले आपण चालत, म्हणून सीटवर कोणी नव्हतं हे नशीब. ऊसतोडीवर देखरेख करणाऱ्या यंत्रमानवाला सगळे मुकादम म्हणत. त्याने झटकन ट्रॅक्टर थांबवून खाली घेतला. कस्तुरीच्या बाबांनी बजावून ठेवलं होतं, आज हा चढ चढला तर ठीक, नाहीतर उद्या हे धूड भंगारात. ते ऐकून आजोबा सकाळचा चहा तसाच ठेवून उठले होते.

त्यांना वाईट वाटणारच हो! ट्रॅक्टरच्या कारखान्यात त्यांनी जन्मभर एक्सल (दोन चाकांना जोडणारा आस) घडवले होते. 'सर्जा' नावाच्या ट्रॅक्टरांचं अख्खं घराणं त्यांच्या हाताखालून गेलं होतं. बांधावर बसून त्यांनी नातीला त्या घराण्याची हकिकत सांगितली. पहिल्या सर्जाच्या इंजिनाला दोनच सिलिंडर होते (सिलिंडर म्हणजे जिच्यात इंधन जळून दट्ट्या ढकलला जातो ती नळी). जोर बेताचा, म्हणून एक्सलही साधे. दुसऱ्याला तीन सिलिंडर आले आणि मागच्या एक्सलचे दांडे पिळून तुटायला लागले. मग ते जाड केले आणि फिरण्याचा वेग कमी करून जोर वाढवणारी दंतचक्रं (दातेरी चाकं) थेट चाकाजवळ नेली. आपला ट्रॅक्टर तो हाच, दुसरा सर्जा. तिसऱ्याला चार सिलिंडर मिळाले, तर एवढा जोर मागच्या दोन चाकांना पेलेना. ती मातीत नुसतीच गरगरायची. म्हणून पुढच्या एक्सललाही इंजिनाचा जोर दिला आणि चारही चाकं ओढू लागली. इंजिन वाढलं की एक्सलने बदलायचं, असं हे जोडीने चालत आलं होतं.

तोवर मुकादमने मोटरचा जोर कमी करून पाहिला. ट्रॅक्टर जागचा हलेना. वाढवला की पुन्हा नाक वर. वैतागून तो तारा तपासायला बॉनेटवर चढला, आणि तिथूनच त्याने ट्रॅक्टर चालू केला. काय नवल, ट्रॅक्टर निमूट हातभर पुढे सरकला! मुकादम उतरला, आणि नाक परत वर.

कस्तुरी त्या लोखंडी मुकादमकडे बघतच राहिली. मग तिने आजोबांना विचारलं, की जुनं इंजिन केवढं जड होतं. साखळीची कप्पी लावून काढावं लागलं होतं, ते म्हणाले. आणि मोटर? ती तर मुकादमने एकट्याने उचलून ठेवली होती.

"आजोबा, इंजिन नुसतं ओढत नव्हतं. पुढची चाकं दाबूनही धरत होतं."

आजोबांनी कपाळाला हात लावला. गावात पाण्याचा ड्रम असो की जेवणाचे डबे, सगळं सीटच्या मागे बांधायची पद्धत. त्याच सवयीने त्यांनी बॅटऱ्याही मागेच बसवल्या होत्या! मागचा एक्सल म्हणजे सी-सॉचा मधला खुंटा, त्यांनी मातीत रेघ ओढून दाखवलं. मोटर चाकं फिरवते आणि ट्रॉल्या ट्रॅक्टरला मागे खेचतात, तेव्हा त्याचं पुढचं तोंड उचलायला बघतं. त्याला खाली ठेवायला पुढे वजन हवं. इथे पुढचं वजन काढलं आणि वर मागचं वाढवलं.

मग काय, तिघांनी मिळून बॅटऱ्या पुढे आणल्या आणि पक्क्या बसवल्या. ते होईतो बाबाही येऊन उभे राहिले. मोटर घुमली, ट्रॉल्या करकरल्या, आणि चारही चाकं जमिनीवर ठेवून ट्रॅक्टर सरळ रस्त्यावर गेला. आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

बाबा पुढच्या चाकांचे मातीत उमटलेले ठसे निरखत होते. भंगाराचं नावही न काढता ते आजोबांना म्हणाले, "अप्पा, पुढच्या एक्सललाही मोटर बसवता येईल का?"

"तो चौथा सर्जा होईल," आजोबा कस्तुरीकडे बोट दाखवत म्हणाले. "आणि तो तिचा आहे. तिला विचार."