बिनपंखी पतंग

वाऱ्याने कीटकाच्या चित्राचा तक्ता उडवला नसता, तर राघवेंद्र तिच्याशी कधी बोललाच नसता. लातूरच्या त्या शिकवणीवर्गाची इमारत तीन मजली. पण तो अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्येच जीवशास्त्र शिकवी. भूकंपात गावचे घर आईसकट कोसळले, तेव्हापासून पत्र्याखेरीज दुसऱ्या छताखाली त्याचा जीव थाऱ्यावर राहत नसे.

तक्ता अडला तो मालविकाच्या पायांशी. ती वरच्या मजल्यावर रसायनशास्त्र शिकवी.

"सर, या पतंगाचे पंख काढायचे राहिले की हो!"

"न्हाई मॅडम... त्याला पंख नसतातच. दूर दक्षिण ध्रुवाकडच्या बेटावरचा हाय तो."

"परीक्षेला येतो?"

"न्हाई."

"मग शिकवून कशाला राहिलात?"

"आवडतो," तो म्हणाला, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

मग रोज ती चहाचा कप घेऊन शेडच्या दाराशी येऊ लागली. तो सांगे — त्या बेटांवर वारा थांबतच नाही. उडण्यात जाणारी ताकद ते कीटक अंड्यांसाठी राखतात.

"म्हणजे भित्रेच!"

"भित्रे नव्हेत... हिशेबी."

"असू द्या. वर चहाला कधी येता?"

"तास हाय," तो म्हणे. रोज तेच. खरे कारण, भूकंपाचे, त्याने एकदाच सांगितले.

एका संध्याकाळी ती कप न घेताच आली. "नांदेडला नवी शाखा निघतेय. मला पाठवून राहिलेत. उद्या शेवटचा तास."

"अभिनंदन," तो म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला.

"एवढंच?" ती म्हणाली. "तुमच्या पतंगाला जोडीदार गाठायचा असला, तर... उडता तर येत न्हाई."

"चालत जातो."

"एवढ्या वाऱ्यात?"

"जमिनीला धरून... हळूहळू."

"हळूहळू चालेल. पण निघायला तर पाहिजे ना, सर? उद्या वर चहा ठेवते. दोन कप."

दुसऱ्या दिवशी तास सुटला. भिंतीला हात टेकवीत तो जिना चढू लागला. पहिल्या वळणावर पोचला, तोच रस्त्यावरून मालट्रक गेला; भिंत किंचित थरथरली. तो पायरीवरच बसला.

वरून पावले उतरत आली. दोन्ही कप सांभाळीत मालविका त्याच्याशेजारी बसली.

"लई वर आलात की!"

"अजून... अर्धं राहिलंय."

"चहा इथंच पिऊ. मग जाऊ."

त्याने चहाचा शेवटचा घोट घेतला. मग प्रथमच तिचे नाव घेऊन म्हणाला, "मालविका... नांदेडात मलाही शिकवायला जागा मिळंल का? तुमच्याजवळ राहायचं हाय."

तिने मान खाली घातली. ओठांवरचे हसू मात्र लपले नाही. "पत्र्याचं घर आधीच बघून ठेवलंय. पण गोदावरीचा वारा लई असतो, हां."

तो हसला. रिकामा कप खाली ठेवून उठला, आणि पुढची पायरी तिच्याआधी चढला.