उलट्या पिळाची गाठ

चैत्र सरत आला होता, झाडांवरची पोळी मधानं भरली होती, आणि लखू बाजारकुणंग गावाच्या वरच्या रानात मध बघायला निघाला होता. मधाच्या बाबतीत लखूचं नाक म्हणजे अस्वलाला मागे टाकणारं. पण त्या दिवशी रानात जळक्याचा उग्र वास भरला होता. वासामागून तो गेला, तर सागाची दोन झाडं आडवी झालेली, आणि त्यांच्यामध्ये बसलेल्या रेड्याएवढा एक धातूचा डबा जमिनीत रुतलेला.

आभाळातून पडलेला, हे तर उघड होतं. अंगावर ओळीनं अक्षरं. ना कन्नड, ना मराठी, ना इंग्रजी. झाकणाला एक जाड कडी. कडीखाली चित्र काढलेलं : एक पंजा कडी ओढतोय आणि झाकण उघडलंय. वर तव्याएवढी काळी काच.

चित्र लखूला दिसलं नाही असं नाही हो. पण त्याचं सगळं ध्यान पत्र्यात. गोठा गळत होता, बायको सावित्री बोलून बोलून थकली होती, आणि इथं असा चकचकीत पत्रा फुकट पडलेला!

आमच्याकडे रानात मधाचं झाड ज्याला आधी दिसेल त्यानं खोडाला वेलाची गाठ मारायची. मग ते झाड त्याचं. प्रत्येक घराचा पीळ वेगळा, पीळ बघून माणूस ओळखतात. दुसऱ्याच्या गाठीला हात लावायचा म्हणजे दुसऱ्याच्या चुलीवरचं भांडं उतरवायचं. ते कुणी करत नाही.

लखूनं वेल तोडला, काचेसमोर उभा राहून कडीला गाठ मारली, उजवीकडे पीळ देऊन. तेवढ्यात आतून आवाज आला.

ठक... ठक, ठक.

"पत्रा निवतोय," लखू स्वतःशीच म्हणाला आणि भराभर घरी आला.

दुसऱ्या दिवशी शेजारचा गणपती येऊन पडवीत बसला.

"लखू, वर रानात तुझी गाठ बघितली."

"व्हय."

"आत काय तरी ठोकतंय रं..."

"पत्रा हाय तो. उन्हानं वाजतोय."

"सावलीत हाय की." गणपतीनं आवाज खाली आणला. "थांबून थांबून ठोकतंय. माणसावानी... मी उघडलंच असतं. पण तुझी गाठ. म्हटलं, ज्याची हाय त्याला विचारूया आधी."

लखूच्या तोंडात पान होतं, ते तो चघळत राहिला. "सोड गाठ" एवढंच म्हणायचं होतं. पण मग गाव गोळा होणार, जोयड्याहून सरकारी जीप येणार, डबा जाणार आणि गोठा तसाच गळत राहणार.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "उद्या पहार घेऊन मीच जातो."

तो उद्या काही उजाडला नाही. एकदा वाटेवर फॉरेस्टचा गार्ड बसलेला, एकदा बैल लंगडला. न जायचं असलं की निमित्तांना काय तोटा! शेवटी पहार खांद्यावर टाकून लखू गेला, तेव्हा रान गप्प होतं. डबाही गप्प होता.

त्यानं वेल कापला. कडीला हात घातला, आणि नुसत्या ओढीनं झाकण उघडलं. पहार लागलीच नाही.

आत एक शिपाई बसल्या जागीच मेलेला होता. तोंडावळा माणसाचाच, बोटं मात्र एका पेरानं लांब. अंगात गणवेश, खांद्यावर फिती. आतल्या भिंतीवर चित्र होतं : चांदण्यांमध्ये पेटलेलं अवाढव्य जहाज, आणि त्यातून बाहेर पडणारे असलेच डबे. कुठल्या आभाळातली लढाई, कुणास ठाऊक! पोर जीव वाचवून निघालं होतं. आतली कडी मोडून पडली होती. बाहेरून कुणीतरी ओढायचीच काय ती खोटी होती.

त्याच्या मांडीवर पट्टे पडले होते. बसायचे पट्टे दातांनी तोडून त्यानं त्यांच्या गाठी मारल्या होत्या. लखूच्या घराचाच पीळ, फक्त उलटा, डावीकडे वळलेला. समोरून, काचेतून बघून शिकलेला. त्याला वाटलं असेल, बाहेरचा माणूस आपल्याशी काहीतरी बोलतोय. तो बिचारा उत्तर देत राहिला होता.

लखूनं त्या गाठींवर हात ठेवला. "चुकलं रं माझं," तो रडत म्हणाला, "लई मोठं चुकलं..." मग त्यानं झाकण लावलं, आणि कुणाला काही न सांगता रिकाम्या हातानं घरी आला.

पहिली गाठ कोयत्याच्या मुठीला दिसली. मग बैलाच्या दाव्याला. मग त्याच्या घोंगडीच्या टोकाला.

"अवो, ह्या गाठी कशाला मारून ठेवताय घरभर?" सावित्रीनं विचारलं.

"मी न्हाई मारत."

"मग आपला पीळ दुसरं कोण मारंल?"

लखूनं पीळ नीट बघितला. उलटा होता.

पुढं सावित्री माहेरी गुंदला गेली. दुपारी जेवून लखू आडवा झाला, आणि उठून बघतो तर दार उघडेना. हिसके दिले, लाथा मारल्या. दार हलेना. इतक्यात अंगणात चपला वाजल्या. गणपती आणि त्याची बायको बायजा.

"गणपती! दार उघड रं!" लखू ओरडला.

"ऐकलंस?" बाहेर गणपती म्हणाला. "आत काय तरी ठोकतंय."

"लखूभावजी असतील. हाक मारा की."

"लखू! ए लखू!"

"हाय रं! हितंच हाय!" लखूचा घसा फाटला. दोन्ही मुठी तो दारावर आपटत होता.

"न्हाई, आवाज न्हाई. नुसतं ठोकतंय..." गणपतीचा आवाज दबला. "लखू गेला असंल बायकूसंगं गुंदला."

"मग उघडून बघा."

"कडीला गाठ हाय, बायजा. पीळ कुणाचा त्ये कळंना, उलटा हाय. ज्याची हाय त्याला विचारूया आधी."

"गणपती... अरं, माझं ऐक..."

चपला लांब गेल्या. लखूनं दाराच्या फटीला डोळा लावला. अंगणात चिटपाखरू नव्हतं. पण कडीवरचा हिरवा वेल हलला, आणि त्याच्या डोळ्यांदेखत आणखी एक वेढा घेऊन घट्ट झाला.